ठमी गळते कुठून?

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्यांना ते पाठ आहे. चेन कोरडी ठणठणीत, एअर फिल्टरमध्ये माती, आणि वर "बाई, गाडी हल्ली ओढत नाही हो" असं तोंड वर करून सांगणारा कोणी समोर आला की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. तरी लोक येतात, कारण बोलून झालं की मी गाडी नीट करून देते. पण मागे माझं जे टाळकं सटकलं होतं, ते कुठल्या गिऱ्हाइकामुळे नव्हे. आमच्या ठमीमुळे.

ठमी म्हणजे बाबांची मोटारसायकल. वयाने माझ्याहून थोरली, टाकीवरचा रंग गुडघे घासून उडालेला, सीट कितीदा शिवून घेतली याचा हिशेब नाही. गॅरेजही मूळचं बाबांचंच. त्यांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकले आणि त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांनी ते माझ्या हवाली केलं. ठमी मात्र दिली नाही. "गॅरेज तुझं, ठमी माझी," म्हणाले. सकाळी आईला मागे बसवून भाजी आणायची आणि संध्याकाळी एक चक्कर मारून यायची, एवढाच ठमीला उद्योग. तेवढ्यासाठी रोज तासभर पुसापुशी. आई म्हणते, "माझ्याशी इतकं गोड बोलला असतात, तर मीही अशी चकाकले असते."

बाबांचा गॅरेजमध्ये एक नियम होता, तो मी अजून पाळते. घट्ट केलं की खूण. नट पक्का आवळला की नटावरून शेजारच्या भागापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. रेघ सलग दिसली तर नट जागेवर आहे. तुटलेली दिसली तर तो फिरलाय, नाहीतर कोणीतरी फिरवलाय. आणि रंग म्हणजे लालभडक नेलपॉलिश, कारण ते लवकर सुकतं आणि तेलाने जात नाही. बाबा बाटली आईसाठी म्हणून आणायचे आणि परस्पर गॅरेजमध्ये न्यायचे. "या घरात इतक्या बाटल्या आल्या," आई अजून ऐकवते, "सगळ्या नटांच्या नशिबात. माझ्या नखाला थेंब लागला असेल तर शपथ!"

तर ही ठमी गळायला लागली.

पहिल्यांदा मी मनावर घेतलं नाही. जुनी गाडी आहे, घाम येणारच. क्लचच्या झाकणाखाली ओल दिसली म्हणून गॅरेजमध्ये आणली, तेल काढलं, गॅस्केट बदललं, मोजून नवं तेल भरलं, लांब फिरवून आणली. थेंब नाही. बाबा खुशीत घरी घेऊन गेले. काही दिवसांनी फोन. "मिस्त्रीणबाई, पुन्हा गळतेय." मग गिअरच्या दांड्यामागचं ऑइल सील बदललं. नळाचं वायसर जसं, तसंच ते. रबर कडक झालं की दाद देत नाही. पुन्हा गॅरेजमध्ये कोरडी, पुन्हा घरी गेली की ओली. तिसऱ्या खेपेला तेल सोडायच्या बोल्टखालची तांब्याची चकती बदलली, आणि रागारागात पेट्रोलचा कॉकही बदलला, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. तरी तेच. सबंध गावाच्या गाड्या मी सुधारायच्या आणि माझ्या बापाच्या गाडीने माझ्या नाकी नऊ आणायचे, म्हणजे काय!

आईबाबा राहतात पहिल्या मजल्यावर. ठमी उभी असते खाली, जिन्याला लागून असलेल्या बोळात. समोरच शिवणकामवाल्या काकूंचं दार. एक दिवस काकू कापडाचा गठ्ठा घेऊन बाहेर पडल्या आणि तेलावरून सटकल्या. हाड वाचलं, पण मनगट मुरगळलं, आणि कोणाच्या तरी झग्याचं पांढरंशुभ्र कापड तेलात लोळलं. काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी उलट भांडले असते. त्या फक्त म्हणाल्या, "गाडी तरी बरी करा, नाहीतर दुसरीकडे तरी ठेवा. माझ्या हातावर माझं पोट आहे."

दादाला निमित्तच मिळालं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. काळजी करणं हा त्याचा जोडधंदा आहे. तो येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, आता पुरे. माझ्या ओळखीचा एक जण जुन्या गाड्या जमवतो. हौशी आहे. रविवारी त्याला घेऊन येतो. चांगल्या घरी पडेल ठमी."

मला वाटलं, बाबा कडाडतील. ते कडाडले नाहीत. खिडकीतून खाली बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्रीणबाई, रविवारपर्यंत गळती बंद कर. नाही झाली तर मी आडवा येणार नाही."

मी निघाले तशी आईने मला जिन्यात गाठलं. तिच्या हातात पाण्याची झारी होती, ती खाली ठेवायचंही भान नव्हतं तिला. "तुला सांगून ठेवते," ती दबक्या आवाजात म्हणाली, "ही गाडी गेली ना, तर हे त्या खुर्चीत बसतील ते बसतीलच. हल्ली तसेही गप्पगप्प असतात. तू काहीही कर, पण ती जाऊ देऊ नकोस." मग झारीकडे लक्ष गेल्यावर वैतागली. "आणि या कुंड्यांना काय धाड भरलीय कोण जाणे. हे रोज आठवणीने पाणी घालतात, तरी सगळ्या पिवळ्या पडल्यात." कुंड्यांकडे बघायला मला कुठे वेळ होता! माझ्या डोक्यात ऑइल सील.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेज बंद ठेवलं आणि हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्याकडेच गेले. ठमी घरीच गळते ना? मग घरीच पकडायची. रॉकेलने इंजिन धुतलं, कापडाने कोरडं केलं आणि आईचा पावडरचा डबा त्यावर रिकामा केला. जुनी युक्ती आहे ही, बाबांनीच शिकवलेली. तेल जिथून बाहेर येतं तिथे पावडर ओली होते आणि चोर सापडतो. ठमी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायला लागली. बाबा स्टूल टाकून शेजारी बसले होते, एकदम रंगात. "उजवीकडे कमी पडलीय. कंजूषपणा कसला करतेस, डबा तुझ्या आईचा आहे!" वरून आईचा आवाज आला, "मला सगळं ऐकू येतंय हं!"

किक मारली, एक लांब चक्कर मारली आणि परत आणून वाकून बघितलं. क्लचचं झाकण कोरडं. सील कोरडं. बोल्ट कोरडा. मी केलेलं एकूण एक काम चोख. आणि इंजिनाला श्वास सोडायला एक रबरी नळी असते, त्या नळीच्या तोंडातून तेलाची जाड धार पावडरीवरून खाली उतरलेली.

नळीतून तेल येतं म्हणजे इंजिन ओकतंय. आणि ओकतं कधी? पोटाला जास्त झाल्यावर. मी झाकण उघडलं. झाकणालाच तेल मोजायची पट्टी असते, तिच्यावर दोन खुणा. तेल त्या खुणांच्या मध्ये हवं. इथे पट्टी वरपर्यंत चिंब होती, तेल पार गळ्याशी आलेलं.

तुम्ही म्हणाल, हे आधी नाही का बघायचं? दुसऱ्या कोणाची गाडी असती तर मी झाकण उघडल्याशिवाय पान्याला हात लावला नसता. पण आमच्या घरात ठमीचं तेल बाबा बघतात. मी दर खेपेला विचारायची, "बाबा, तेल?" ते म्हणायचे, "बरोबर." की विषय संपला. ज्यांनी मला तेल बघायला शिकवलं, त्यांनी बघितलेलं तेल मी पुन्हा बघायचं? माझ्या मनातही ते आलं नाही. आणि काढलेलं जुनं तेल कोणी मोजत बसत नाही, ते सरळ डब्यात जातं. आणि गळक्या गाडीत तेल कमी पडेल याची धास्ती असते, जास्त असेल हे कोणाच्या डोक्यात येणार!

मला तर हसूच फुटलं. "बाबा, ठमीला काही झालेलं नाही! तेल जास्त झालंय. किती ओतता हो?"

बाबांना ते झोंबलं. "मी? मी रविवारी एक घोट देतो. आयुष्यभर एकच घोट. तिला पहिल्यापासून तेल प्यायची खोड आहे, मला नाही माहीत?" मग त्यांचे डोळे बारीक झाले. "कोणीतरी खोडी काढतंय. आपल्या गाडीत तेल ओततंय कोणीतरी."

मी तेल खुणेपर्यंत उतरवलं, झाकण आवळलं, आणि नेलपॉलिशची रेघ ओढली, झाकणावरून थेट इंजिनावर. कोणी झाकण फिरवलं तर रेघ सांगेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडते न उघडते तोच फोन. "मिस्त्रीणबाई! रेघ तुटली!" बाबांच्या आवाजात नुसता उत्साह. "मी म्हणत नव्हतो? झाकण उघडलंय कोणीतरी. आणि कोण ते मला कळलंय. ज्याला ठमी विकायचीय तो!"

आता इथे मी शांत राहून विचार करायला हवा होता. पण विचार करणारी असते तर काय हवं होतं. मी दादाला फोन लावला आणि त्याची अशी काही हजेरी घेतली की शेजारच्या पंक्चरवाल्याने काम थांबवून ऐकलं. काकूंचं मनगट त्याच्यामुळे मुरगळलं इथपर्यंत माझी मजल गेली. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि केविलवाण्या आवाजात विचारलं, "अगं, पण त्या गाडीचं झाकण असतं कुठे?" आणि ते खरंच होतं. माझ्या या भावाला टायरमध्ये हवा भरायचीसुद्धा माहीत नाही. मी फोन ठेवला. मग झाकण उघडतं कोण?

त्या संध्याकाळी जाऊन मी तेल पुन्हा उतरवलं आणि नवी रेघ ओढली. बाबांनी जाहीर केलं की सकाळी ते स्वतः पहारा देणार. मी रात्री तिथेच राहिले आणि सकाळी आईबरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. तिथून खालचा बोळ स्पष्ट दिसतो.

बाबा स्टूल घेऊन खाली गेले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग फडकं घेऊन ठमीला पुसायला लागले. टाकी पुसली, आरसा पुसला, तिच्याशी काहीबाही बोलले. मग हात वर करून भिंतीतल्या फळीवरचा तेलाचा डबा काढला. नरसाळं काढलं. झाकण फिरवलं, एक घोट तेल ओतलं, झाकण लावलं, नरसाळं नीट पुसून डबा फळीवर ठेवला. इतकं सराईतपणे, की मला क्षणभर काही चुकलंय असं वाटलंच नाही.

ते वर आले, हात धुतले, चहा प्यायले.

"दिसलं का कोणी?" मी विचारलं.

"चिटपाखरू फिरकलं नाही," बाबा म्हणाले. "पण सोडणार नाही मी. पुन्हा जातो."

पुन्हा गेले. स्टुलावर बसले. थोड्या वेळाने उठले, फडकं घेतलं, टाकी पुसली, आरसा पुसला. आणि हात वर करून फळीवरचा डबा काढला.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. बाबांनी एक घोट तेल ओतलं, जपून, एक थेंबही बाहेर न सांडता. मग आई हळूच म्हणाली, "चहा पण दोनदा मागतात गं. मला वाटलं, हवा असेल." आणि तिने गॅलरीतल्या कुंड्यांकडे बघितलं. मीही बघितलं. पिवळी पानं, मातीवर तळं साचलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकी चिडले होते आणि भांडायला समोर कोणी नव्हतं.

मी खाली गेले. जिना उतरताना ठरवलं, सांगायचं नाही. काहीतरी थाप मारायची, तेलाचा डबा गॅरेजमध्ये नेऊन ठेवायचा आणि विषय मिटवायचा.

"बघ!" मला बघताच बाबा गरजले. "माझ्या नाकासमोर! रेघ पुन्हा तुटली!" आणि त्यांनी झाकणावर बोट ठेवून दाखवलं.

त्यांच्या बोटांच्या पेरांना लाल कपच्या चिकटल्या होत्या. अंगठ्याच्या नखातही अडकली होती एक.

माझी नजर तिकडे गेलीच. आणि बाबा शेवटी मिस्त्री. त्यांनी माझी नजर पकडली, हात वळवला आणि उजेडात धरला. काजळलेला प्लग निरखावा तसा आपला अंगठा निरखला. दुसऱ्या बोटाने कपची काढली. बोटांचा वास घेतला. ताजं तेल.

"झाकण मी उघडलं," ते म्हणाले.

"हो."

"आत्ता?"

"आत्ता. आणि चहाच्या आधी एकदा."

ते स्टुलावर बसले. "मला आठवत नाही गं," असं म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. मी खाली फरशीवरच बसले, तेलात, पावडरीत, आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

"म्हणजे ठमीत दोष नाही," ते म्हणाले.

"ठमी ठणठणीत आहे बाबा."

"मग मिस्त्रीच गळायला लागला म्हणायचा."

"काहीतरी बोलू नका!" मी ओरडले, आणि ओरडता ओरडता रडायला लागले. काकूंनी दार किलकिलं करून बघितलं आणि हळूच पुन्हा लावून घेतलं.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग तो तेलकट आहे हे लक्षात येऊन काढून घेतला. "रडून कुठली गळती थांबलीय आजवर? कुठून गळतंय ते सापडलं ना? मग अर्धं काम झालं. आता बाकीचं अर्धं बोल."

बाकीचं अर्धं त्यांनीच सांगितलं. आधी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "तुझ्या आईला मागे बसवून रस्ताच विसरलो तर? नको. इथून पुढे चालवायची तू. मी मागे बसणार. पण गिअर दणकन टाकलास तर बोलणार."

"बोला."

"आणि तेल माझं. ते मी देणार नाही कोणाला."

"बाबा, पण तेल कसं..."

त्यांनी आपला अंगठा माझ्यासमोर धरला. नखात थोडासा लाल रंग अजून उरलेला होता. "घट्ट केलं की खूण," ते म्हणाले. "नटाला चालते, मला का नाही चालणार?"

डॉक्टरांकडे आम्ही लगेच गेलो, दादाही आला. काही थांबवता येतं, काही येत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या दिल्या. परत येताना मी दादाची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू दे. तू शिव्या देत नाहीस त्या दिवशी मला जास्त काळजी वाटते." मग दोघंही रडलो, तेही भर रस्त्यात.

रविवारी तो हौशी माणूस आलाच, दादा त्याला नको म्हणायचं विसरला होता. आदल्या दिवशीच मी जास्तीचं तेल उतरवून ठमीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता. काकू बाहेर आल्या, चपलेच्या टोकाने पुठ्ठा ओढून त्यांनी पुढून-मागून बघितला. कोरा. "राहू दे मग इथेच," त्या म्हणाल्या, आणि दादाने त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं.

सगळे गेल्यावर बाबांनी झाकण उघडलं. पट्टी पुसली, बुडवली, बाहेर काढून मला दाखवली. दोन खुणांच्या बरोबर मध्ये. "आज घोटाची गरज नाही," ते म्हणाले. "बघितलं, एवढं पुरे." झाकण आवळलं. रेघ मी ओढली. मग आई पुढे आली, नवी कोरी बाटली घेऊन.

"हात द्या इकडे. आणि हलू नका."

बाबांनी मुकाट्याने अंगठा पुढे केला. आईने चष्मा नाकावर सरकवून, जीभ दाताखाली धरून तो रंगवला. आठवडाभर तो रंग राहणार, शनिवारी ती पुसणार, रविवारी तेल बघून झालं की पुन्हा लावणार. बाबा फुंकर मारत नखाकडे बघत होते आणि मला दिसत होतं, त्यांना लाज वाटत होती. चार लोकांत हा हात कुठे लपवायचा, असं काहीतरी.

आईलाही ते दिसलं असणार. तिने ब्रश पुन्हा बाटलीत बुडवला आणि आपला अंगठा रंगवला.

"तुला कशाला?" बाबांनी विचारलं.

"एकट्याचा रंगलेला दिसला तर लोक कारण विचारतील," ती म्हणाली. "दोघांचा असला की म्हणतील, म्हातारपणी हौस आलीय. म्हणू देत. इतक्या बाटल्या गेल्या नटांवर, एक तरी माझ्या वाट्याला येऊ दे."

सोमवारी सकाळी बाबांना भाजीला न्यायला मी गेले, तेव्हा ते आधीच खाली होते. मी कोपऱ्यावरच थांबले. त्यांनी टाकी पुसली, आरसा पुसला. हात वर करून फळीवरचा डबा काढला आणि झाकणाकडे वाकले. तेवढ्यात डब्यावरचा अंगठा त्यांना दिसला. ते थांबले. नखाकडे बघितलं, मग रेघेकडे बघितलं. डबा पुन्हा फळीवर ठेवला.

"अगं ए," त्यांनी वर खिडकीकडे बघून हाक मारली, "ठमीचं तेल झालंय बरं का!"

खिडकीतून आईचा लाल अंगठा बाहेर आला. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "माझंही झालंय."